अर्ज लिहायला बसण्यापूर्वी

संपादकांनी दिवाळीच्या अंकासाठी चार पानं मागितली, तेव्हा मी सवयीने विचारलं, "कोणाच्या वतीने?" ते हसले. म्हणाले, "तात्या, स्वतःच्याच वतीने. तुमच्या धंद्यातल्या चार गोष्टी सांगा." ठाण्याच्या कचेरीबाहेर पिंपळाच्या पारावर बसून मी तीस वर्षं लोकांचे अर्ज लिहिले. दुसऱ्याच्या वतीने 'मी' म्हणायची इतकी सवय झाली, की सकाळी कोळी, दुपारी पाटील आणि उन्हं उतरताना एखाद्या सुनेची सासू असं माझं चालायचं. स्वतः म्हणून लिहायची ही पहिलीच खेप, तेव्हा सांभाळून घ्या.

बाहेरच्या माणसांना हा धंदा फारसा ठाऊक नसतो. ज्याला अक्षर येत नाही आणि सरकारला काही सांगायचं आहे, तो आमच्याकडे येतो. आम्ही त्याचं ऐकून घेतो आणि मोडीत अर्ज लिहून देतो. तो अर्ज आत शिरस्तेदाराकडे जातो, आणि शिरस्तेदार तो साहेबाला वाचून दाखवतो. गावाकडच्या माणसाला वाटतं, साहेब आपली कहाणी मांडी घालून ऐकेल. साहेब चार ओळी ऐकतो. पाचव्या ओळीला त्याची नजर खिडकीबाहेर गेलेली असते. शितावरून भाताची परीक्षा, तशी पहिल्या चार ओळींवरून अर्जाची. शिवाय खाडाखोड केलेला अर्ज खिडकीवर घेत नाहीत. डाग पडला की पुन्हा पहिल्यापासून लिहायचं, आणि तोवर खिडकी बंद झाली तर खडवलीहून पायपीट करत आलेल्या माणसाने तसंच परत जायचं.

माझी पहिली दोन वर्षं अशीच गेली. लोकांना परत पाठवण्यात माझा हात कोणी धरला नसता. उठायला उशीर, मग धावतपळत पारावर, तिथे गेल्यावर कळायचं की दौत घरी राहिली. बोरूचं टोक झिजलेलं, शाई पातळ, शाई टिपायची वाळू ओली, आणि डोकं तापलेलं. लिहिता लिहिता मी पक्षकारावरच खेकसायचो. "नीट सांगा ना! किती भरभर बोलता!" दोष माझा, बोलणी त्याला.

मला वळण लावलं ते कल्याणच्या एका सुभेदाराने. पलटणीतून निवृत्त झालेला, मिशा कानापर्यंत, पाठ लाकडासारखी ताठ. घरात हत्यार ठेवायचं तर परवाना हवा असा नवा कायदा आला होता, आणि त्याला आपली जुनी तलवार घरातच ठेवायची होती. माझ्यासमोर तो उभाच राहिला. मी चटईवर बोरू शोधत होतो. एक मांडीखाली सापडला, दुसऱ्याने मघाशी मी कान खाजवला होता तो तिथेच अडकलेला.

"अरे मुन्शी, हे दुकान आहे की उकिरडा?"

"बसा सुभेदार, आत्ता लिहितो."

"बसत नाही. आधी तू उठ. सगळं उचल आणि पुन्हा मांड. दौत उजवीकडे. कलमं एका ओळीत. डोळे मिटून हात घातलास की जे हवं ते हाताला लागलं पाहिजे. पलटणीत बंदूक साफ केल्याशिवाय भाकरीला हात लावू देत नसत."

आजूबाजूचे अर्जनवीस तोंडात उपरणं धरून हसत होते. सुभेदाराने माझ्याकडून तीनदा मांडणी करून घेतली. तिसऱ्या वेळी खरोखरच डोळे मिटायला लावले. मग तो खाली बसला आणि म्हणाला, "हां. आता लिही." तो अर्ज मी एका दमात लिहिला, एकही डाग पडला नाही. परवानाही मिळाला. पुढे तो दर संक्रांतीला तिळगूळ द्यायला यायचा, आणि आधी माझी मांडणी बघायचा.

अपमान झाला की माणूस एकतर रुसतो नाहीतर सुधारतो. मी हट्टाला पेटलो. त्या दिवसापासून मी लिहिण्याची तयारी हेच एक काम धरलं. पहाटे उठायचं, अंघोळ करायची. मग खलात काजळ आणि डिंकाचं पाणी घोटायचं, फडक्यातून गाळायचं. पाच बोरू तासायचे आणि प्रत्येकाचं टोक अंगठ्याच्या नखावर घासून बघायचं. वाळू चाळायची. मग धूळपाटीवर दहा ओळी. मोडी लिहिताना आधी पानभर आडवी रेघ ओढतात आणि मग तिला अक्षरं टांगत जातात, म्हणून माझ्या दहा ओळींतल्या पहिल्या पाच नुसत्या रेघाच असायच्या. ज्या दिवशी पाचही रेघा सरळ येत नाहीत त्या दिवशी सहावी, सातवी, येईपर्यंत. जेवायचं ते अर्धपोटी, कारण पोट भरलं की अक्षर पेंगतं. घरातून निघाल्यावर पारावर बसेपर्यंत कोणाशी बोलायचं नाही. तळ्याकाठी भेटणारे ओळखीचे लोक म्हणायचे, तात्याला शिंगं फुटली. म्हणोत.

थंडीत माझी बोटं आखडायची. वैद्याचं तेल झालं, शेक झाला, उपयोग शून्य. एका सकाळी बायको म्हणाली, "अहो, ही उकड मळा."

"मी?"

"मग काय मी शेजाऱ्यांना बोलावू? माझीही बोटं आखडतात, पण भाकरीचं पीठ मळून झालं की सुईत दोरा ओवते मी. बसा."

मी दाराला कडी लावून मळायला बसलो. चार दिवसांत बोटं सुटली. दाराची कडी काही बातमी अडवू शकली नाही, शेजारच्या काकू महिनाभर विचारत होत्या, "काय तात्या, आज भाकऱ्या फुगल्या का?" पण ते मळणंसुद्धा माझ्या नेमात बसलं ते बसलंच. आजही मी अर्धा शेर पीठ मळल्याशिवाय लेखणी धरत नाही.

सहा-सात वर्षांत पारावर माझं नाव झालं. तात्याचा अर्ज म्हणजे डाग नाही, खाडाखोड नाही, साहेबाला चार ओळींत विषय कळतो. लोक माझ्याकडे रांग लावायचे. आणि इथे माझ्या डोक्यात शिरलं की तयारी आणखी पुढे न्यावी. पहिल्या चार ओळीच जर महत्त्वाच्या, तर त्या पक्षकार येण्याआधीच का लिहून ठेवू नयेत? मग मी घरी निवांत बसून सुंदर अक्षरात सुरुवाती लिहून ठेवू लागलो. एक गठ्ठा शेतकऱ्यांचा, एक शेजाऱ्यांच्या भांडणाचा, एक विधवांचा. विधवांच्या गठ्ठ्यातली सुरुवात मला आजही पाठ आहे: "अर्जदारीण निराधार विधवा असून अबला आहे. तिचे पाठीमागे कोणी नाही. मायबाप सरकारखेरीज तिला थारा नाही." ती लिहिताना मला स्वतःलाच गहिवरून यायचं. शिरस्तेदार म्हणायचे, "तात्या, तुमच्या विधवा वाचताना साहेबसुद्धा गप्प होतो." मी फुगलो. अति तेथे माती हे मी दुसऱ्यांच्या अर्जात किती वेळा लिहिलं असेल देव जाणे.

श्रावणातल्या एका सकाळी हिराबाई आली. कोपरची, आगरी, चाळिशीची. अंगाने शिडशिडीत, पण मनगटं गड्यासारखी. तिच्या बोलीत सगळ्यांनाच अरेतुरे, साहेबालाही. ती पारावर बसली आणि सांगायला लागली.

"तात्या, आमचा मानूस गेला आषारान. उघारी आमचे घराची हाय. ती आमचेकरंच रवाला पायजे, असा लिव."

उघाडी म्हणजे काय ते सांगतो. खाडीकाठच्या भातशेतीला मातीचा बांध असतो. त्या बांधाला एका जागी दार असतं. दोन खांबांच्या खाचांमध्ये एकावर एक फळ्या सरकवलेल्या. ओहोटीला फळ्या काढून शेतातलं पावसाचं पाणी बाहेर सोडायचं, भरती यायच्या आत त्या पुन्हा लावायच्या. एक वेळ चुकली आणि खारं पाणी आत आलं, तर गावाचं भात गेलं, आणि ती जमीन पुढची दोन-तीन वर्षं पिकत नाही. हे काम कोपरात हिराबाईच्या घराकडे होतं. कामाच्या बदल्यात त्यांना बांधावर झोपडी आणि लगतचा जमिनीचा तुकडा कसायला होता. धनी गेला, आता काम कोणाच्या नावावर, हा प्रश्न कचेरीपुढे आला होता.

"सा वर्सां त्याचे गुरघे गेले व्हते," ती सांगत होती. "सा वर्सां आमी दोघी..."

"कळलं बाई," मी म्हणालो. "पुढचं मी लिहितो."

माझा हात विधवांच्या गठ्ठ्याकडे गेला होता. रांग मोठी होती, अक्षर सुंदर होतं, चार ओळी तयार होत्या. खाली मी काय हवं ते दोन वाक्यांत जोडलं आणि अर्ज खिडकीवर देऊन टाकला. ती काही क्षण उभी राहिली, जणू काही सांगायचं राहून गेलं होतं. मग निघून गेली.

भाद्रपद उजाडला आणि ती परत आली. हातात कचेरीचा हुकूम. तलाठ्याने तिला तो वाचून दाखवला होता, पण तिला तो माझ्या तोंडून ऐकायचा होता. मी वाचला. हुकूम असा होता, की अर्जदारीण आपल्याच अर्जात स्वतःस निराधार व अबला म्हणवते, पाठीमागे कोणी नाही असेही म्हणते. उघाडीचे काम जोखमीचे असून अबलेच्याने होणारे नाही. सबब दसऱ्यापासून दुसरा इसम नेमावा आणि झोपडी व जमीन त्याचे हवाली करावी.

मी कागद खाली ठेवला. पारावरचे सगळे बोरू थांबले होते.

"तात्या, मी असा बोलली?"

मी ओळीतले बोरू उगाच सारखे करू लागलो.

"मी अबला? कोन बोलला तुला? माझे पाठीशी कोन नाय? मंग माझी चांगू कोनाची पोर?" तिचा आवाज चढला नव्हता, ते जास्त लागलं. "सा वर्सां आमी दोघी मायलेकी उघारी लावतों. घरवाला खाटेवर बसून नुसता सांगायचा. सा वर्सांत एक टिपूस आत आला नाय. यो मी सांगत व्हती. तू बोललास, कळला."

खरंच होतं. 'आमी दोघी'पर्यंत तिने सांगितलं होतं आणि मी तिला थांबवलं होतं. तिच्या बाजूने असलेली एकच गोष्ट त्या वाक्यात होती, आणि मी तिच्या जागी माझं घोटीव अक्षर ठेवलं होतं.

त्या दिवशी मी पुढचे अर्ज घेतले नाहीत. घरी गेलो. गठ्ठे काढले. बायको न्हाणीचा बंब पेटवत होती, मी एकेक कागद तिच्या हाती देत गेलो. तिने एक वाचला. तिला मोडी येत होती, माझं बघून बघून शिकलेली. म्हणाली, "ह्या किती जणींच्या नावावर गेल्या असतील हो?" ते मला सांगता येत नव्हतं. आजही येत नाही. कित्येकींना माझ्या 'निराधार'मुळे मिळायचं ते मिळालं असेल, आणि कित्येकींचं हाती असलेलं गेलं असेल. त्या परत विचारायला आल्या नाहीत एवढंच. ह्याची टोचणी मला आहे आणि राहील.

पण नुसती टोचणी काय कामाची? दसऱ्याला महिना होता. मी ठरवलं, की ह्या बाईचा अर्ज पुन्हा लिहायचा आणि ह्या वेळी मान्य होईपर्यंत सोडायचा नाही. मात्र आता घरी बसून चार ओळी सुचवून घ्यायच्या नाहीत. पहाटे उठून शाई घोटली, बोरू तासले, पीठ मळलं, पाच रेघा ओढल्या, सगळं पिशवीत घातलं आणि कळव्याहून वर जाणारी होडी धरली.

कोपरच्या बांधावर पोचलो तेव्हा पौर्णिमेचं उधाण होतं. हिराबाईने मला बघितलं, "आलास?" एवढंच म्हणाली, आणि कामाला लागली. तिची लेक चांगू, सतरा-अठराची, लग्न झालेली पण नवरा आठ-आठ महिने गलबतावर म्हणून आईकडेच राहणारी. दोघींनी कासोटे आवळले. ओहोटीचं पाणी अजून बाहेर धावत होतं. हिराबाई बांधावर बसून पाण्याकडे बघत होती. मला सगळं सारखंच दिसत होतं. एकाएकी ती उठली.

"फिरला. लाव."

चांगू छातीभर पाण्यात उतरली आणि बुडी मारली. खाली खाचेत दगड किंवा काडी अडकली असेल तर फळी बसत नाही, ते हाताने चाचपून बघायचं असतं. वर आली, मान हलवली. मग आईने फळी सोडली, लेकीने खालून ओढून बसवली. दुसरी. तिसरी. चौथी. मध्ये पेंढा आणि चिखल थापत गेल्या. भरती पुरी झाली तेव्हा खाडीचं पाणी वरच्या फळीच्या कडेखाली वीतभर अंतरावर येऊन थांबलं, आणि बांधाच्या आतलं भात जागच्या जागी हलत होतं. मग दोघी बांधावरून चालत निघाल्या, खेकड्यांनी पाडलेली भोकं शोधत, टाचेने चिखल दाबत. मी मागून चालत होतो आणि दोनदा घसरलो. चांगू हसली. "आये, ह्या तात्याला धर, नाय तं यालाच भोकान थापूया."

हे सगळं होईपर्यंत मी बोरूला हात लावला नव्हता. मग झोपडीच्या ओट्यावर मांडणी केली. दौत उजवीकडे, बोरू ओळीत. हिराबाईला म्हटलं, "आता पहिल्यापासून सांग. मी मध्ये बोलणार नाही." तिने सांगितलं. मी लिहिलं नाही. नंतर तिने सांगितलेलं मी तिला परत सांगितलं. तिने दोन ठिकाणी मला दुरुस्त केलं. "गुरघे सा वर्सां गेले. डोले नंतर." मग तिसऱ्यांदा मी लिहिलं, तिचंच म्हणणं, सरळ. पहिल्या चार ओळी अशा झाल्या: "अर्जदारीण व तिची मुलगी ह्या दोघी सहा वर्षांपासून कोपरची उघाडी स्वतः लावतात व काढतात. ह्या सहा वर्षांत खारे पाणी एकदाही आत आले नाही. ह्याची साक्ष सर्व गाव देईल. साहेबांनी कोणत्याही उधाणास माणूस पाठवून पाहावे."

हा अर्ज घेऊन मी आधी शिरस्तेदारांना भेटलो. त्यांनी वाचला आणि चष्मा काढला.

"तात्या, पहिला अर्ज नोंदलेला आहे. साहेब विचारणार, आधी अबला आणि आता हे? खरं कोणतं?"

"पहिलं खोटं."

"मग लिहा, नजरचुकीने तसे लिहिले गेले. असं गुळमुळीत. भागेल."

"भागणार नाही. साहेबाला वाटेल बाईच फिरली."

"मग काय लिहिणार?"

"मागच्या अर्जातला मजकूर अर्जदारणीचा नसून लिहिणाराचा आहे. तिने सांगितलेले लिहिणाराने ऐकून घेतले नाही. खाली माझी सही."

शिरस्तेदारांनी चष्मा पुन्हा चढवला. "तुमचा लिहिण्याचा परवाना जाईल, तात्या. पक्षकाराच्या तोंडी आपले शब्द घातले हे लिहून दिल्यावर आम्हाला गप्प बसता येत नाही. तुम्ही आमचे उत्तम लिहिणारे. विचार करा. घरी विचारा."

घरी विचारलं. बायको भाकरी थापत होती, थांबली नाही. "पहाटे उठून ही एवढी पूजाअर्चा चालते त्या बोरूंची, ती कशासाठी हो? सुंदर अक्षरासाठी का खऱ्या अक्षरासाठी?" मी म्हटलं, परवाना गेला तर घरात बसावं लागेल. ती म्हणाली, "बसा. पीठ तरी वेळेवर मळून होईल."

मी ते वाक्य लिहिलं आणि खाली ठळक सही केली.  रेघ सरळ आली.

आठ दिवसांत माझा परवाना सहा महिन्यांसाठी काढून घेतला. पारावरची माझी जागा दुसऱ्याने घेतली. पहिल्या दिवशी मी पहाटे सवयीने उठलो आणि अंधारात बसून राहिलो. कशासाठी शाई घोटायची? मग ठरवलं, घोटायची. पाच बोरू, वाळू, पीठ, पाच रेघा. लिहायचं काही नव्हतं तरी लिहायला बसायचं. एक दिवस चुकला की दुसरा चुकतो, आणि सहा महिन्यांनी जो माणूस पारावर परत जाईल तो मी नसेन, कोणी आळशी म्हातारा असेल, हे मला पक्कं ठाऊक होतं. धूळपाटीवरच्या ओळींत आता मी माणसांचं बोलणं लिहायचो. काकू आदल्या दिवशी काय म्हणाल्या, तळ्यावरचा धोबी काय म्हणाला, जसंच्या तसं. तिसऱ्या दिवशीच कळलं की मी किती थोडं ऐकतो. काकूंचं एक वाक्य आठवायला मला अर्धा तास लागला. तेव्हापासून माझ्या नेमात ही एक गोष्ट वाढली, आणि माझ्या मते सगळ्या तयारीत तीच मोठी. हात, शाई, बोरू तयार ठेवायचे. कागद कोरा ठेवायचा.

मधल्या काळात साहेबाने अमावास्येच्या उधाणाला खरंच एक कारकून कोपरला पाठवला होता, तो चिखलात कमरेपर्यंत जाऊन आला असं कानावर आलं. पुढे काय झालं ते कळेना. दसऱ्याला चार दिवस राहिले. झोपडी खाली करायची की नाही हे त्या मायलेकींनाही ठाऊक नव्हतं.

त्याच सकाळी हिराबाई माझ्या दारात उभी राहिली. बरोबर चांगू.

"तात्या, चल. कागुद आलाय. तू वाच."

"मला आता कचेरीत लिहायची बंदी आहे, बाई."

"वाचायची नाय ना? पैल्यांदा तुज्याच तोंडून फसली. आता खरा काय तेबी तुज्याच तोंडून आयकाचा हाय."

मी गेलो. खिडकीशी कारकुनाने हुकूम पुढे सरकवला. मी एकदा मनात वाचला. मग मोठ्याने, सावकाश वाचला, की कोपर येथील उघाडीचे काम मयताची विधवा हिराबाई हिचे नावे कायम करण्यात येत आहे, तिचे मागून मुलगी चांगुणा हिने चालवावे. झोपडी व जमीन पूर्ववत. चांगूने आईचा हात धरला. हिराबाई म्हणाली, "पुन्ना वाच." मी पुन्हा वाचला. 

हुकूम मिळाल्याची नोंदवहीत खूण करावी लागते. ज्यांना सही येत नाही त्यांची निशाणी ठरलेली असायची. कुणब्याचा नांगर, बाईची बांगडी. ती लिहिणारानेच काढायची, बाईने फक्त बोरूला बोट लावायचं. कारकुनाने सवयीने बोरू बुडवला आणि गोल काढायला सुरुवात केली.

"थांब," हिराबाई म्हणाली. "ती नको. माझी बांगरी फुटली आषारान."

"अहो, मग काय काढू? बायकांची हीच असते."

"तू काय नको काढू. ते इकरं दे."

कारकुनाने माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "द्या." तिने बोरू मुठीत पहारीसारखा धरला, वहीवर वाकली आणि श्वास रोखून दोन उभ्या रेघा मारल्या. त्यांच्या मध्ये एक आडवी. तिच्यावर दुसरी. मग तिसरी. मला रडू आलं आणि मी ते लपवलं नाही. कारकुनाने खाली लिहिलं, 'निशाणी उघाडीची, हिराबाई हिच्या हातची', आणि वही मिटायला घेतली.

"रव," तिने त्याचा हात धरला आणि वही पुन्हा उघडायला लावली. "उधानाला चार लागतात."

आणि तिने वर चौथी फळी काढली.